स्पीकरमधली गुणगुण, घरघर आणि 'टक्क': घरातल्या विजेचा आवाज ऑडिओत कुठून शिरतो ते शोधताना

माझी तक्रार सुरुवातीला एका वाक्यात मावायची. रात्री सगळं शांत झालं की स्पीकरमधून बारीक गुणगुण ऐकू येते, आणि फ्रिज चालू-बंद होताना त्यात एक 'टक्क' पडतो. दोन्ही आवाज एकाच रात्री लक्षात आले, म्हणून दोघांचा धनी एकच असं मी धरून चाललो. फ्रिजला वेगळं सॉकेट दिलं. त्याच्या वायरवर फेराइट (गोंगाट गाळणारं चुंबकीय कडं) चढवलं. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्सटेंशन बोर्ड आणला. 'टक्क' जरा मंदावला, गुणगुण मात्र तसूभर हलली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं चाललं होतं, कारण गुणगुणीचा फ्रिजशी काही संबंधच नव्हता. ती टीव्हीच्या केबलमधून येत होती, आणि टीव्ही तर त्या वेळी बंद असायचा.

तेव्हापासून घरात नवीन काहीही आलं, चार्जर म्हणा, दिवा म्हणा, की हा प्रकार नव्या रूपात परत येतो. दर वेळी उपाय वेगळा निघतो, पण शोधायची रीत तीच राहते. आवाज कोणत्या दाराने आत येतोय हे कळेपर्यंत एकही वस्तू विकत घ्यायची नाही, हा नियम मी महिनाभर पैसे वाया घालवून शिकलो.

(एक खुलासा. पुढे 'मिक्सर' म्हटलं की ऑडिओचा मिक्सर. स्वयंपाकघरातल्या मिक्सरला मी 'तो दुसरा मिक्सर' म्हणेन. त्याचंही नाव या प्रकरणात येणार आहे.)

आवाज नुसता ऐकू नका, ओळखा

सगळ्या आवाजांना आपण 'हमिंग' म्हणून मोकळे होतो आणि तिथेच घोळ होतो. आवाजाची जात कळली तर निम्मा तपास तिथेच संपतो.

वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल, तर शुद्ध ५० हर्ट्झचा आवाज हा खर्जातला, गोल, बिनधारेचा असतो. कोणीतरी शेजारच्या खोलीत तानपुऱ्याची खर्जाची तार अखंड छेडत बसल्यासारखा. पाश्चात्त्य स्वरांत तो खालच्या 'जी'च्या, म्हणजे ४९ हर्ट्झच्या, अगदी लगत येतो. छोट्या स्पीकरवर तो धड ऐकूही येत नाही, मोठ्या वूफरवर पोटात जाणवतो. असा आवाज बहुतेक वेळा अर्थ लूपमुळे (तो काय ते पुढे येतंय) किंवा एखाद्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येतो.

१०० हर्ट्झचा आवाज एक सप्तक वर असतो. वीजपुरवठ्याच्या लहरीचे दोन्ही अर्धे भाग सुलटे करून डीसी बनवला की उरलेली लाट सेकंदाला १०० वेळा येते. त्यामुळे हा आवाज ऐकू आला की आधी ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या पॉवर सप्लायकडे बघायचं. जुन्या ॲम्प्लिफायरमधले मोठे इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर वयानुसार सुकतात आणि ही लाट आधीसारखी गाळू शकत नाहीत. असा आवाज एका रात्रीत उगवत नाही. तो वर्षभरात हळूहळू वाढतो, म्हणूनच लवकर लक्षात येत नाही.

तिसरा प्रकार घरघरीचा. मूळ १०० हर्ट्झच, पण धारदार, भुंगा काचेवर आपटत असल्यासारखा. त्यात २००, ३००, ४०० असे वरचे हार्मोनिक्स ठासून भरलेले असतात. हा डिमरचा किंवा तशाच कापाकापी करणाऱ्या सर्किटचा आवाज.

कानावर भरवसा नसेल तर फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, हेडफोन लावा आणि आधी ५०, मग १०० हर्ट्झ वाजवून स्पीकरच्या आवाजाशी जुळवून बघा. फोनचा स्वतःचा स्पीकर ५० हर्ट्झ वाजवू शकत नाही, त्यामुळे हेडफोन हवाच. तुमच्याकडचा पुरवठा ६० हर्ट्झचा असेल तर अर्थातच ६० आणि १२०.

बाकीचे पटकन सांगतो. एकटा 'टक्क' म्हणजे कुठेतरी स्विच, रिले किंवा थर्मोस्टॅट उघडला वा मिटला. बारीक शिट्टी, जी माउस हलवला की बदलते, ती कॉम्प्युटरच्या आतून येते. 'टिट्-टिटिट्-टिटिट्' हा मोबाईलचा. जुन्या जीएसएम पद्धतीत फोन दर ४.६१५ मिलिसेकंदांनी रेडिओचा एक झटका सोडतो, म्हणजे सेकंदाला साधारण २१७ वेळा, आणि तो ताल ऑडिओच्या पट्ट्यात नेमका मध्यावर येतो. फोन हातभर लांब ठेवला की विषय संपला. सतत तडतड होत असेल, आणि ती एखाद्या सॉकेटला किंवा बटणाला हात लावला की बदलत असेल, तर ऑडिओ विसरा. ती सैल जोडणीतली ठिणगी असू शकते. तो सॉकेट वापरणं बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

काही उपटण्याआधी व्हॉल्यूम फिरवा

ही चाचणी फुकट आहे आणि दहा सेकंदांची आहे, तरी मी ती सगळ्यात शेवटी केली होती.

व्हॉल्यूमबरोबर आवाज कमी-जास्त होत असेल तर तो व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधी शिरतोय. म्हणजे सोर्स, केबल किंवा सुरुवातीचा टप्पा. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तो तसाच राहत असेल तर तो बटणाच्या पुढे आहे, ॲम्प्लिफायरच्या आत किंवा त्याच्या पॉवर सप्लायमध्ये. दुसऱ्या प्रकारात केबल बदलत बसणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं.

त्यानंतर सगळ्या इनपुट केबल काढून टाका. आवाज गेला? मग एकेक केबल परत लावत जा आणि कोणती लावल्यावर तो परततो ते बघा. इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली होती. मी उपकरणं बटणाने *बंद* करत होतो, *काढत* नव्हतो. बंद टीव्हीची केबल लावलेली असेल तर तिचं शील्ड, म्हणजे तारेभोवतीची जाळी, ॲम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेलीच राहते. बटणाला त्याच्याशी देणंघेणं नसतं. तपासात 'बंद' हा शब्दच वापरू नका. केबल हातात आली पाहिजे.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गायब झाला तर चार्जर सापडला. मिक्सर असेल तर फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकत्या पट्ट्या, सगळे खाली, मग एकेक वर.

मग घरातली उपकरणं. एमसीबी एकेक करून पाडायचे, ऑडिओ चालू ठेवायचा आणि ऐकायचं. दोन माणसं हवीत, एक बोर्डापाशी आणि एक स्पीकरपाशी. ऑडिओ ज्या सर्किटवर आहे त्याच सर्किटवरची उपकरणं मात्र हातानेच उपटावी लागतात. आमच्याकडे या खेळात स्वयंपाकघराचा एमसीबी पाडला तेव्हा 'टक्क' पूर्ण थांबला आणि गुणगुण जशीच्या तशी राहिली. दोन आवाजांचे दोन वेगळे धनी आहेत हे मला त्या क्षणी कळलं.

अर्थ लूप: बहुतेक गुणगुणींचं घर

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण यावर बाजारात सगळ्यात जास्त वस्तू विकल्या जातात आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात.

दोन उपकरणं दोन वेगळ्या ठिकाणी अर्थला जोडलेली आहेत असं समजा. ॲम्प्लिफायर थ्री-पिनमधून, आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स केबलच्या शील्डमधून, जे इमारतीत कुठेतरी दुसरीकडे अर्थ केलेलं असतं. कागदावर अर्थ म्हणजे शून्य व्होल्ट. प्रत्यक्षात घरातल्या प्रत्येक फिल्टरमधून थोडी-थोडी गळती अर्थच्या तारेत येत असते, तारांना स्वतःचा रोध असतो, आणि त्यामुळे दोन 'शून्यां'मध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतोच. जोवर ही दोन उपकरणं एकमेकांना जोडलेली नाहीत तोवर कुणाचं काही बिघडत नाही. तुम्ही आरसीए केबलने (नेहमीची लाल-पांढऱ्या प्लगची ऑडिओ केबल) ती जोडलीत की तिच्या शील्डमधून हा फरक वाहू लागतो, आणि आरसीएच्या जोडणीत शील्ड हीच सिग्नलची परतीची वाट असते. पाहुणा आणि चोर एकाच दारातून आत येतात.

आकडे टाकून बघू. शील्डचा आणि दोन्ही टोकांच्या प्लगचा मिळून रोध ०.१ ओहम. त्यातून १० मिलिअँपची भटकी करंट गेली, तर १ मिलिव्होल्टची गुणगुण तयार झाली. घरगुती लाइन लेव्हल, म्हणजे उपकरणांमधल्या केबलवरच्या ऑडिओ सिग्नलची पातळी, साधारण ०.३ व्होल्ट असते. म्हणजे गुणगुण संगीताच्या केवळ ५० डेसिबल खाली. गाणं चालू असताना ती झाकली जाईल, गाणं थांबलं की उघडी पडेल. आता यातली गंमत बघा: प्लग कळकट झाले, रोध ०.१ चा ०.३ झाला, की गुणगुण जवळपास तिप्पट. कित्येकदा 'आपोआप आलेली' गुणगुण ही गंजलेल्या आरसीए प्लगची करामत असते. प्लग काढून पुसणं, सॉकेटमध्ये दोन-चार वेळा फिरवून लावणं हा उपाय सांगायला बाळबोध वाटतो, पण मला तो दोनदा लागू पडलाय.

मल्टिमीटर असेल तर केबल जोडण्याआधीच निदान होतं. मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि दोन उपकरणांच्या सॉकेटच्या बाहेरच्या कड्यांमध्ये मोजा. काही मिलिव्होल्ट आले तर नेहमीचा अर्थ लूप. पन्नास-शंभर व्होल्ट दाखवले तर घाबरू नका, पण थांबा. एकतर उपकरणातल्या फिल्टरची किरकोळ गळती आहे, किंवा कुठेतरी अर्थिंगच तुटलंय. दुसरी शक्यता इलेक्ट्रिशियनकडून खोटी ठरवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किरकोळ गळती म्हणजे काय? दोन पिनांच्या चार्जरमध्ये विजेच्या बाजूपासून डीसीच्या बाजूपर्यंत एक छोटा कॅपॅसिटर मुद्दाम टाकलेला असतो, 'वाय' वर्गाचा. रेडिओचा गोंगाट दाबायला तो लागतोच. तो २.२ नॅनोफॅरडचा धरला तर ५० हर्ट्झला त्याचा अडसर साधारण १४.५ लाख ओहम होतो, म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम ०.१६ मिलिअँप. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर हात फिरवताना मुंग्या येतात त्या याच. माणसाला धोका नाही, पण आरसीए केबलच्या शील्डला एवढी करंट बडबड करायला पुरते.

आता उपाय. पहिला आणि फुकटचा: एकमेकांना जोडलेली सगळी ऑडिओ उपकरणं एकाच सॉकेटवरून, एकाच एक्सटेंशन बोर्डवर घ्या. दोन अर्थबिंदूंमधलं अंतर संपलं की फरकही जवळपास संपतो. घरगुती ऑडिओला करंट फार लागत नाही, पण बोर्डावर लिहिलेली मर्यादा पाहून घ्या. आणि त्या बोर्डावर इस्त्री किंवा हीटर नको.

दुसरा: तांब्याची वाटच बंद करा. टीव्हीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल लावली की त्यातून फक्त प्रकाश जातो आणि लूप तिथेच तुटतो. तोशिबाने १९८३ मध्ये टॉसलिंक आणलं आणि ते सॉकेट आजही बऱ्याच टीव्हींच्या मागे धूळ खात असतं. माझी गुणगुण शेवटी याच भोकाने घालवली. त्याआधी खात्री कशी केली ते सांगतो: सेट-टॉप बॉक्सच्या मागची गोल, आटे असलेली केबल हाताने सोडवली. शेवटचा आटा सुटला त्या क्षणी स्पीकर गप्प. इतकी मोठी शांतता त्या खोलीत मी आधी ऐकली नव्हती.

केबलच्या वाटेतच बसवायचा आयसोलेटरही मिळतो, तो रेडिओ सिग्नल जाऊ देतो आणि ५० हर्ट्झ अडवतो. पण छतावर डिश असेल तर जपून. डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्टचा डीसी जात असतो, आणि साधा आयसोलेटर तो अडवून टाकतो. गुणगुण जाईल आणि चित्रही जाईल.

तिसरा: ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, तारांचा संबंध उरत नाही. काम चोख करतो, पण स्वस्तातला घेतलात तर खालचा बास पातळ होतो, कारण छोटा गाभा कमी फ्रिक्वेन्सीला लवकर भरून जातो. तो ॲम्प्लिफायरच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळही ठेवू नका, नाहीतर तिथलीच गुणगुण उचलून आणेल. कॉम्प्युटरच्या शिट्टीसाठी यूएसबी आयसोलेटर हे त्याचंच भावंड.

चौथा, आणि उपकरणात सोय असेल तर सगळ्यांत देखणा: बॅलन्स्ड जोडणी. एक्सएलआर किंवा टीआरएस केबलमध्ये सिग्नलच्या दोन तारा असतात. घेणारं उपकरण दोघींमधला फक्त फरक मोजतं. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून वजाबाकीत उडतो. ६० डेसिबलची वजाबाकी जमली तरी गोंगाट हजारावा हिस्सा होतो. मात्र नुसतं भोक एक्सएलआरचं असून भागत नाही. १९९५ मध्ये नील मन्सी यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये दाखवून दिलं की कितीतरी उपकरणांमध्ये शील्डची पिन, म्हणजे पिन १, डब्याच्या धातूला जोडण्याऐवजी सर्किट बोर्डावरच्या अर्थला जोडलेली असते. मग शील्डवरचा सगळा कचरा थेट नाजूक भागात उतरतो. 'बॅलन्स्ड आहे तरी गुणगुणतंय' याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं आणि त्यावर केबल बदलून काही होत नाही.

थ्री-पिनची अर्थ पिन काढू नका

हा सल्ला कुणी ना कुणी देतोच, आणि वाईट भाग असा की तो 'चालतो'. अर्थ पिन काढली की लूप तुटतो, गुणगुण जाते, सगळे खूश. पण उद्या आतली फेजची तार सुटून डब्याला लागली तर करंटला जायला वाट नसते, फ्यूज उडत नाही, आणि डबा जिवंत राहतो. ती वाट मग हात लावणारा माणूस होतो, किंवा आरसीए केबलने जोडलेला दुसरा डबा. गायकाचा एक हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकला टेकलेले असतील तर काय होईल ते लिहायची गरज नाही.

डीआय बॉक्सवर, म्हणजे गिटारसारखं वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डब्यावर, 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं ते वेगळं. ते सिग्नल केबलचं शील्ड सोडवतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही. ते बिनधास्त दाबा.

डिमर, रेग्युलेटर, एलईडी दिवे

दिव्याचा डिमर व्होल्टेज 'कमी' करत नाही, तो लहर कापतो. प्रत्येक अर्ध्या लहरीत थोडा वेळ बंद राहून मग एकदम चालू होतो, सेकंदाला १०० वेळा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात लहरीचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं. डिमर मध्यावर असेल तर तो नेमका शिखरावर चालू होतो, म्हणजे शून्यावरून ३२५ वर एक सरळसोट कडा. त्या कड्यातून हार्मोनिक्सची फौज निघते.

यातून चाचणीही सापडते. डिमर हळूहळू फिरवा. घरघर मध्यावर सगळ्यात जास्त आणि दोन्ही टोकांना नाहीशी होत असेल तर दुसरा पुरावा नको. पंख्याचा सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बहुधा असाच कापतो. पायऱ्या-पायऱ्यांचा कॅपॅसिटरवाला रेग्युलेटर कापत नाही, त्यामुळे ऑडिओच्या खोलीत तोच बरा. बाकी उपाय म्हणजे ऐकताना डिमर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, आणि सिग्नल केबल त्याच्या वायरिंगपासून लांब. दोन्ही तारा एकमेकींना ओलांडणारच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. समांतर गेल्या की एकीचं दुसरीत उतरतं.

एलईडी दिव्यांचा ड्रायव्हर दहा किलोहर्ट्झच्या कित्येक पटींवर चालू-बंद होत असतो. तो आवाज कानाला ऐकूच येत नाही, मग त्रास कसा? ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर फार उंच फ्रिक्वेन्सीला सरळ वागत नाही. तो जुन्या रेडिओतल्या डिटेक्टरसारखा वागतो आणि त्या गोंगाटाचा चढउतार तेवढा ऐकू येण्याजोगा करून पुढे पाठवतो. कधीकधी स्पीकरमधून चक्क रेडिओ स्टेशन बोलतं ते याच कारणाने.

म्हणूनच असा दिवा पकडायला रेडिओसारखं यंत्र नाही. बॅटरीवर चालणारा मीडियम वेव्हचा रेडिओ घ्या, जिथे स्टेशन नाही अशा जागी काटा लावा आणि घरभर फिरवा. चार्जर, दिवे, राउटरचा ॲडॉप्टर, प्रत्येकाजवळ तो वेगवेगळा गुरगुरतो. मी फिरवला तेव्हा एका कोपऱ्यातला एलईडी दिवा इतका ओरडला की घरातली बाकीची माणसंही बघायला आली. दिवा बदलला. त्याने स्पीकरमधली खरखरही गेली, जी मी तोवर 'केबलच जुनी आहे' म्हणून सोसत होतो.

इथे फेराइटला मान द्यायला हवा. तो मेगाहर्ट्झमधला गोंगाट अडवतो, ५० हर्ट्झची गुणगुण त्याला दिसतही नाही. मी तो फ्रिजच्या वायरवर गुणगुणीसाठी चढवला होता, तेव्हा त्याचा काय दोष! तार त्यातून एकदा ओवण्यापेक्षा तीन वेळा गुंडाळली तर अडसर ढोबळमानाने नऊ पट होतो. भोक मोठं असलेला घ्या.

आणि तो फ्रिजचा 'टक्क'

कॉम्प्रेसरची मोटर म्हणजे तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्यातली करंट एकदम थांबायला तयार नसते. थर्मोस्टॅटचा संपर्क उघडला की ती फटीतून ठिणगी पाडून वाहत राहते. ती क्षणभराची ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ प्रक्षेपणच, सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकाच वेळी.

आवाज फ्रिज बंद होताना येतो की सुरू होताना, ते आधी ठरवा. बंद होताना येत असेल तर ही ठिणगी. सुरू होताना येत असेल आणि त्याच वेळी दिवेही मिचकत असतील, तर मोटर सुरुवातीला ओढते त्या जास्तीच्या करंटने व्होल्टेज पडतंय. थोडं पडणं स्वाभाविक, फार पडत असेल तर वायरिंगमधली एखादी जोडणी सैल आहे.

ठिणगीवर जुना उपाय म्हणजे स्नबर: ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ वर्गाचा कॅपॅसिटर आणि त्याच्याबरोबर ओळीत १०० ओहमचा रेझिस्टर, संपर्काच्या दोन टोकांवर. तो फ्रिजच्या तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्या, आणि साधा कॅपॅसिटर चालणार नाही. एक्स-२ वर्गाचाच लागतो, कारण तो थेट विजेवर जगायला बनलेला असतो.

पण त्याआधी 'टक्क' आत कसा येतोय ते बघा. इनपुटच्या सगळ्या केबल काढल्यावर तो थांबला तर त्या केबलच अँटेना झाल्या आहेत. केबल आखूड करा, चांगल्या शील्डची लावा, फ्रिजच्या वायरपासून दूर न्या. माझ्याकडे तीन मीटरची केबल अर्ध्या मीटरच्या अंतरासाठी वापरली होती आणि उरलेलं वेटोळं कपाटामागे, नेमकं स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून पडलं होतं. आखूड केबलने जे काम केलं ते सर्ज प्रोटेक्टरने केलं नव्हतं, आणि ते साहजिक होतं. त्यातला व्हॅरिस्टर व्होल्टेज मर्यादेबाहेर उसळलं तरच जागा होतो, एरवी झोपलेला असतो.

'कंपनीने असा आवाज करणारा फ्रिज विकलाच कसा' हा प्रश्न मलाही पडला होता. उपकरणांच्या विद्युत गोंगाटाची मानकं सिस्पर नावाची आंतरराष्ट्रीय समिती ठरवते. ती १९३४ मध्ये स्थापन झाली, रेडिओ ऐकणाऱ्यांना वाचवण्यासाठी. घरगुती उपकरणांच्या मानकात तारेतून परत येणारा गोंगाट मुख्यतः १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोजतात, आणि २०० मिलिसेकंदांहून लहान, क्वचित पडणाऱ्या 'टक्क'ला सतत चालणाऱ्या गोंगाटापेक्षा बरीच सवलत देतात. म्हणजे फ्रिज नियमात बसूनही टक्क करू शकतो आणि डिमर नियमात बसूनही १०० हर्ट्झला घरघरू शकतो. तक्रार करून उपयोग नाही.

तो दुसरा मिक्सर? त्याच्या मोटरमधले कार्बन ब्रश सतत ठिणग्या पाडतात, त्यामुळे तो चालू असेपर्यंत खरखर. ब्रश झिजले की ती वाढते, ते बदलावेत. नाहीतरी तो सुरू असताना गाणं कुणाला ऐकू येतं!

टर्नटेबल किंवा गिटार असेल तर

इथे सगळे आकडे बदलतात. टर्नटेबलच्या सुईमागच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा सिग्नल ५ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे लाइन लेव्हलच्या साठावा हिस्सा. वर आरआयएए इक्वलायझेशन, म्हणजे रेकॉर्डवर मुद्दाम दाबलेला बास परत उचलणारी जुळणी, ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत साधारण १७ डेसिबल, म्हणजे सात पट, उचलून धरतं. गुणगुणीला लाल गालिचाच. टर्नटेबलची वेगळी बारीक अर्थ तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावली आहे ना, एवढं आधी बघा.

इथला शत्रू बहुतेकदा चुंबकीय क्षेत्र असतो, शेजारच्या ॲम्प्लिफायरच्या किंवा ॲडॉप्टरच्या ट्रान्सफॉर्मरचं. ॲल्युमिनियमची पन्नी गुंडाळून ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडत नाही, कितीही थर द्या. पण ते अंतराच्या घनाने कमी होतं. ॲडॉप्टर १० सेंटिमीटरवरून ३० वर नेलात तर सत्ताविसावा हिस्सा उरतो. सिंगल कॉइल पिकअपची गिटार हातात घेऊन जागेवरच गोल फिरून बघा, एका दिशेला आवाज जवळपास मरतो. ती दिशा धरून बसा.

जो आवाज स्पीकरमधून येतच नाही

हे प्रकरण सुटल्यावर काही दिवसांनी सकाळी परत 'घूं' सुरू झाली. व्हॉल्यूम शून्य, केबल काढल्या, तरी चालूच. स्पीकरच्या तारा सोडवल्या तरीही चालूच. कान जवळ नेला तर ॲम्प्लिफायरचा डबा गुणगुणत होता.

त्यात टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर आहे. हा प्रकार फार कार्यक्षम, पण वीजपुरवठ्यात थोडा जरी डीसी मिसळला तरी त्याचा गाभा एका बाजूला संपृक्त होतो आणि थरथरायला लागतो. घरात डीसी कुठून येणार? काही हेअर ड्रायरमध्ये 'कमी' सेटिंगसाठी फक्त एक डायोड घातलेला असतो. तो लहरीचा अर्धाच भाग वापरतो, आणि पुरवठा एका अंगाला कलतो. 'जास्त'वर टाकलं की दोन्ही भाग वापरले जातात आणि घूं थांबते. मी दाराबाहेरून ओरडून सेटिंग बदलायला लावलं, आणि खरंच थांबली.

यावर डीसी ब्लॉकर नावाचं सर्किट मिळतं, ते ॲम्प्लिफायरच्या वायरीत बसवतात. मी बसवलं नाही. केस वाळायला फार वेळ लागत नाही.